तुमची शिकवण्याची पद्धत इतरांसाठी खुली कशी कराल: कॉलेजातल्या नव्या प्राध्यापकांसाठी मार्गदर्शक

सेमिस्टर सुरू झालं की विषयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला निरोप येतो: "कुणाकडे युनिट दोनची पीपीटी आहे का?" थोड्या वेळात दोन-तीन फाइली येऊन पडतात. पाठवणाऱ्याचं मन मोठं असतं आणि मागणाऱ्याची अडचणही खरी असते. पण त्या फाइलीबरोबर तास कसा घेतला हे कधीच येत नाही. कुठल्या स्लाइडवर थांबून कोणता प्रश्न विचारला, मुलं कुठे अडली, प्रॅक्टिकलला पाच गट एकदम बसवले तर काय गोंधळ होतो, हे सगळं पाठवणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. मग घेणाऱ्याच्या वर्गात ती पीपीटी फक्त वाचून दाखवली जाते.

तंत्रज्ञान वापरून शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की फाइल द्या, पण तिच्याबरोबर ती वापरण्याची रीत लिहून द्या. आणि दोन्ही अशा अटींवर द्या की दुसऱ्याला त्यात बदल करता येईल, मराठीत आणता येईल, आपल्या मुलांना जुळेल असं करता येईल. हे काम सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, नुकताच लागलेला प्राध्यापकही करू शकतो. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

अशा खुल्या शैक्षणिक साहित्याचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवायचं २००१ मध्ये जाहीर केलं. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा रूढ झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने सदस्य देशांसाठी त्याविषयीची शिफारस मंजूर केली. आपल्याकडे आयआयटींच्या व्हिडिओ-व्याख्यानांचं एनपीटीईएल आणि जुलै २०१७ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी 'स्वयम्' बहुतेकांना माहीत आहे. मला मात्र आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचं उदाहरण सर्वांत जवळचं वाटतं. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ असतात आणि त्यातले अनेक मराठीतही ऐकता येतात. विद्यार्थ्याने एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं, आणि पाठ थांबवत थांबवत तीच कृती स्वतः करायची. पाठाची संहिता आधी लिहून काढतात, जाणकाराकडून तपासून घेतात आणि विषय नवीन असलेल्या माणसाला ती जमते का हे पाहूनच रेकॉर्डिंग होतं. म्हणजे कसं शिकायचं हे त्या पाठाच्या रचनेतच आहे. एकट्या प्राध्यापकालाही लहान प्रमाणात हेच करता येतं.

आधी एकच तास निवडा

अख्खा पेपर खुला करायचं मनात आणलं की काम रखडतं. तुम्ही किमान दोन बॅचना घेतलेला आणि मुलांनी खरोखर काहीतरी केलेला एकच तास निवडा. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर आलेख हलवून दाखवलेला तास चालेल. स्प्रेडशीटवर घसाऱ्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी मांडून घेतलेला कॉमर्सचा तास चालेल. भूगोलाच्या मुलांनी ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर आपल्या गावातल्या विहिरी आणि पाणंद रस्ते नोंदवले असतील तर तो उत्तमच. निवडताना तंत्रज्ञान किती नवं आहे हे पाहू नका. त्याच्यामुळे मुलांना असं काय करता आलं जे फळ्यावर झालं नसतं, ते पाहा. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर दुसरा तास निवडा.

मग त्या तासाची नोंद लिहा

सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. नोंद दोन पानांची पुरे, पण ती अशा माणसासाठी लिहायची जो तुम्हाला ओळखत नाही, ज्याने तुमची लॅब पाहिलेली नाही आणि ज्याला उद्या सकाळी साडेसातला हाच तास घ्यायचा आहे.

एक नमुना पूर्ण उलगडून दाखवतो. जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने 'फायफॉक्स' नावाचं ॲप तयार केलं आहे. ते २०१६ पासून मोफत मिळतं आणि त्याचा प्रोग्रामही मुक्त आहे. मोबाइलमधल्या सेन्सरवर भौतिकशास्त्राचे प्रयोग करण्यासाठी ते आहे. त्यातलं ध्वनी-स्टॉपवॉच पहिल्या आवाजाला सुरू होतं आणि दुसऱ्या आवाजाला थांबतं. त्यावर एफ. वाय. बी. एस्सी.च्या मुलांना मुक्त पतनाचा काळ मोजता येतो. लाकडी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढायची, तिच्या टोकावर स्टीलची गोळी ठेवायची आणि पट्टीला आडवा फटका मारायचा. फटक्याच्या आवाजाला घड्याळ सुरू होतं. गोळी खाली ठेवलेल्या थाळीवर आपटली की थांबतं.

एवढं तर कुठेही वाचायला मिळेल. तुमच्या नोंदीची खरी किंमत याच्या पुढच्या मजकुरात आहे.

उंची १.२० मीटर असेल तर काळ साधारण ०.४९५ सेकंद यायला हवा. पहिल्यांदा मात्र बऱ्याच गटांना ०.१ सेकंदाच्या आसपास आकडा दिसतो. फटक्यानंतर पट्टी थरथरत राहते आणि त्या थरथरीलाच घड्याळ थांबतं. ॲपमध्ये 'किमान विलंब' नावाची सेटिंग आहे, ती ०.३ सेकंद करायची. छताचा पंखा बंद ठेवायचा आणि आवाजाची उंबरठा-पातळी खोलीतल्या गोंगाटाच्या वर न्यायची. फोन थाळीजवळ ठेवला तर फटक्याचा आवाज वरून खाली यायला साधारण साडेतीन मिलिसेकंद लागतात. घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं आणि उत्तरात एक-दीड टक्क्याची चूक शिरते. म्हणून फोन दोन्ही आवाजांपासून सारख्या अंतरावर ठेवायचा. आणि एका खोलीत पाच गट एकाच वेळी ठोकायला लागले की एकाच्या फटक्याने दुसऱ्याचं घड्याळ सुरू होतं. त्यामुळे दोन गट व्हरांड्यात पाठवायचे किंवा पाळी लावायची, आणि बाकीच्यांनी तोवर आकडेमोड करायची.

त्यानंतर प्रश्न लिहा. मोजण्याआधी मुलांना अंदाज लिहायला सांगायचा: "गोळी कमरेच्या वरून खाली यायला किती वेळ लागेल?" अनेक जण एक सेकंद म्हणतात. मग दुसरा प्रश्न: "उंची निम्मी केली तर वेळ निम्मा होईल का?" हात वर करून मत घ्यायचं, शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा करायला सांगायची आणि पुन्हा मत घ्यायचं. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात ही रीत मोठ्या वर्गांमध्ये रुजवली. त्यानंतरच ०.६० मीटरवरून गोळी सोडायची. काळ ०.३५ सेकंद येतो, निम्मा येत नाही. वर्गमुळाचा संबंध आता मुलांच्या हातात आलेला असतो, आणि सूत्र फळ्यावर लिहायची योग्य वेळ हीच. सूत्र आधी लिहिलं तर प्रॅक्टिकल जर्नल भरण्यापुरतं उरतं, हेही नोंदीत स्पष्ट लिहा.

शेवटी चुकीचा हिशेब: काळात दोन शतांश सेकंद जास्त मोजले गेले तर गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी साधारण ९.०५ येतं, कारण काळाचा वर्ग होतो. मुलांनी उत्तर 'जुळवून' आणण्यापेक्षा हा फरक समजावून लिहिला तर पूर्ण गुण द्यायचे. गुणदानाची ही अट नोंदीत नसेल तर दुसऱ्या कॉलेजात हाच प्रयोग पुन्हा जुन्याच वळणावर जाईल.

थोडक्यात, नोंदीत या गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणत्या वर्षाची मुलं आणि साधारण किती, आधी काय येत असायला हवं, साहित्य, वेळेची वाटणी, तुम्ही विचारलेले नेमके प्रश्न, जसेच्या तसे, मुलं अडतात त्या जागा, मूल्यमापन, आणि साधन नसेल तर पर्याय. शेवटची गोष्ट विसरू नका. वर्गातल्या प्रत्येकाकडे चांगला फोन नसतो. स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप किंवा वायुदाबमापक अनेकदा नसतो, पण मायक्रोफोन प्रत्येक फोनमध्ये असतो. म्हणूनच वरचा प्रयोग चार जणांत एक फोन घेऊन गडचिरोलीतही होतो आणि पुण्यातही. तुमच्या तासाला इंटरनेट लागतं की एकदा ॲप उतरवल्यावर विनानेट चालतं, हेही लिहा.

आता हक्क तपासा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात दुसऱ्याच्या साहित्याचा वापर करू देतं. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही सवलत ठामपणे उचलून धरली. पण ती सवलत तुमच्या वर्गातल्या वापराची आहे. संदर्भग्रंथातली आकृती स्कॅन करून स्लाइडवर लावणं आणि तीच स्लाइड 'कुणीही वापरा' म्हणून जगासमोर ठेवणं, यात फरक आहे. जे तुमचं नाही त्याची परवानगी तुम्ही दुसऱ्याला देऊ शकत नाही.

म्हणून प्रत्येक स्लाइड उघडा आणि प्रत्येक चित्रासाठी विचारा, हे कुठून आलं? गूगलच्या चित्रशोधातून उचललेलं असेल तर काढा. त्याच्या जागी विकिमीडिया कॉमन्सवरचं घ्या किंवा स्वतः काढा. कागदावर पेनाने काढलेली आणि फोनने टिपलेली आकृती अनेकदा छापील आकृतीपेक्षा जास्त समजते, कारण तुम्ही त्यात लागेल तेवढंच दाखवता. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की भारतात त्याचं लेखन सर्वांचं होतं. मराठीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना याचा मोठा उपयोग आहे. मराठी विकिस्रोतावर असे ग्रंथ शोधता येतात.

दुसरी बाजू तुमच्या संस्थेची. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा ठरू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण परवानगी लेखी घ्या. एवढा अर्ज पुरतो:

"मा. प्राचार्य यांस, स. न. वि. वि. एफ. वाय. बी. एस्सी. भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकासाठी मी तयार केलेली अध्यापन-नोंद, कार्यपत्रिका व चित्रफीत इतर महाविद्यालयांतील शिक्षक व विद्यार्थ्यांना वापरता यावी म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली प्रकाशित करण्यास परवानगी मिळावी. साहित्यावर महाविद्यालयाचे नाव नमूद केले जाईल. विद्यार्थ्यांची कोणतीही वैयक्तिक माहिती त्यात नाही. कळावे."

आवक क्रमांक टाकलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा. विभागप्रमुखांना आधी भेटून कल्पना दिली तर अर्ज अडत नाही.

अर्जातलं शेवटून दुसरं वाक्य खरं असायला हवं. मूडल किंवा गूगल क्लासरूमसारख्या ऑनलाइन वर्गाच्या स्क्रीनशॉटमध्ये मुलांची नावं, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), मोबाइल नंबर राहून जातात. फोटोत मुलींचे चेहरे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला मोठं महत्त्व दिलं आहे, आणि पहिल्या वर्षाची काही मुलं अठराच्या आतली असतात. हात, उपकरण आणि वही दिसेल असे फोटो घ्या. चेहऱ्यांची गरजच पडत नाही. मूडलवरचा कोर्स बॅकअप करून द्यायचा असेल तर बॅकअप घेताना वापरकर्त्यांची माहिती वगळायची सेटिंग आधी करा. नाहीतर मुलांचे गुण आणि उत्तरं त्या फाइलीतून बाहेर जातात.

परवाना निवडा

फाइलीवर काहीच लिहिलं नाही तर कायद्याने 'सर्व हक्क राखीव' असाच अर्थ होतो, मग तुमची इच्छा कितीही उदार असो. आपलं साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा तयार परवाने आहेत, पण नवख्याने दोनच लक्षात ठेवले तरी चालतं.

'सीसी बाय ४.०' म्हणजे कुणीही वापरा, बदला, पुढे द्या, फक्त माझं नाव सांगा. 'सीसी बाय-एसए ४.०' म्हणजे वरचं सगळं, शिवाय बदल करून पुढे दिलंत तर त्याच परवान्याखाली द्या. मराठी विकिपीडियाचा मजकूर बाय-एसएखाली आहे, त्यामुळे त्यातला मोठा भाग तुम्ही घेऊन बदलला असेल तर तुम्हालाही बाय-एसएच लावावा लागतो. तसं काही नसेल तर मी सीसी बाय सुचवतो.

बाकीच्या चारांत 'एनसी' किंवा 'एनडी' ही अट येते. एनसी म्हणजे व्यापारी वापराला मनाई. एनडी म्हणजे बदललेली आवृत्ती पुढे द्यायला मनाई. भाषांतर हाही बदलच. म्हणजे इंग्रजीत केलेल्या साहित्यावर एनडी लावलं की ते मराठीत आणून वाटायची वाट बंद झाली. २०२१ पासून अभियांत्रिकीसुद्धा भारतीय भाषांत शिकवायला तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) परवानगी दिली आहे आणि मराठी साहित्याची चणचण सगळ्यांना जाणवते आहे. अशा वेळी महाराष्ट्रातल्या प्राध्यापकाने एनडी लावू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. एनसी लावताना हेतू समजण्यासारखा असतो: खाजगी क्लासवाल्याने आपल्या श्रमावर पैसे कमावू नयेत. पण मग तीच नोंद नाममात्र किमतीला झेरॉक्स करून विकणाऱ्या विद्यार्थी-भांडाराचीही पंचाईत होते, आणि विकिमीडिया कॉमन्स तर एनसी साहित्य घेतच नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: एकदा दिलेला परवाना, ज्यांनी ते साहित्य घेतलं त्यांच्याकडून परत काढून घेता येत नाही. म्हणून हक्क तपासायचे ते परवाना लावण्याआधी. परवान्याची ओळ पहिल्या पानावर, स्लाइडच्या शेवटी आणि व्हिडिओच्या वर्णनात, तिन्ही ठिकाणी लिहा. कधी कधी फाइल एकटीच फिरते. तुम्ही प्रोग्राम लिहिला असेल तर त्याला क्रिएटिव्ह कॉमन्स न लावता एमआयटी किंवा जीपीएलसारखा सॉफ्टवेअरचा परवाना लावा.

फाइल अशी द्या की दुसऱ्याला उघडता आणि बदलता येईल

मराठीत हा मुद्दा इंग्रजीपेक्षा कितीतरी जड आहे. अजूनही अनेक कॉलेजांत नोट्स श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते. गूगलला त्यातलं काही सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी वापरतात त्या एनव्हीडीएसारख्या स्क्रीन-रीडरलाही ती मराठी म्हणून वाचता येत नाही. साहित्य युनिकोडमध्येच हवं. जुनं असेल तर परिवर्तकातून काढा आणि नंतर डोळ्यांनी वाचून काढा, कारण रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्या' हमखास बिघडतात. फाँटही मुक्त परवान्याचा निवडा, जसा 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' किंवा गूगलचा नोटो देवनागरी, म्हणजे फाँटही फाइलीबरोबर देता येतो.

पीडीएफ वाचायला बरी, पण पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की काना-वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. तुमची कार्यपत्रिका दुसऱ्याला बदलायची असेल तर त्याने ती पुन्हा टाइप करायची का? पीडीएफबरोबर ओडीटी किंवा वर्डची मूळ फाइल द्या. समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका. लिबरऑफिसच्या किंवा वर्डच्या समीकरण-साधनात लिहा. आकड्यांचा तक्ता सीएसव्हीमध्ये द्या. प्रश्नमंजुषा एचफाइव्हपी या मुक्त साधनात केली असेल तर ती फाइल उतरवून द्या, म्हणजे दुसऱ्याला ती थेट आपल्या मूडलवर चढवून प्रश्न बदलता येतात.

व्हिडिओ करायचा तर ओबीएस स्टुडिओ मोफत आहे, आवाज साफ करायला ऑडॅसिटी आहे. फोनवर घेतलेलंही चालतं. पाच-सात मिनिटांचा एकच मुद्दा, आणि आवाज स्वच्छ. चित्र थोडं अंधुक असलं तर मुलं बघतात, आवाज खरखरीत असला तर बंद करतात. खाली मराठी अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, स्वतः टाइप करून जोडा.

ठेवायचं कुठे

गूगल ड्राइव्हची लिंक हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कच्चा मार्ग आहे. कॉलेजचं खातं बंद झालं, नोकरी बदलली, जागा भरली, की लिंक मेली. कॉलेजच्या संकेतस्थळाचंही तेच; नवा ठेकेदार आला की जुनी पानं जातात.

नोंद, कार्यपत्रिका आणि मूळ फाइली यांच्यासाठी मी झेनोडो सुचवतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे भांडार आहे. कुठल्याही देशातल्या माणसाला तिथे मोफत खातं उघडता येतं, संशोधकांचा ऑर्किड ओळख-क्रमांक असेल तर त्यानेही आत जाता येतं, आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत साहित्य मावतं. प्रकाशित केलं की डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा पत्ता. साहित्याच्या प्रकारात 'लेसन' निवडा, भाषा मराठी नोंदवा, आणि वर्णन मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहा, कारण शोधणारा कोणत्या भाषेत शोधेल सांगता येत नाही. प्रकाशित केलेली फाइल सहज काढता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी सहकाऱ्याकडून एकदा नजर फिरवून घ्या.

सुट्या आकृत्या, फोटो आणि छोट्या चित्रफिती विकिमीडिया कॉमन्सवर टाकल्या तर मराठी विकिपीडियातही वापरता येतात. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवताना सेटिंगमध्ये परवाना बदलून क्रिएटिव्ह कॉमन्स करा. तो आपोआप लागत नाही.

दुसऱ्याचं घेताना

देण्याइतकंच घेणंही शिकावं लागतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशनं मराठीतही मिळतात. सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्समध्ये अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे प्रयोग आहेत. वापरताना चार गोष्टी लिहायची सवय लावून घ्या: शीर्षक, कर्ता, कुठून घेतलं, कोणता परवाना. बदल केला असेल तर काय बदललं तेही. उदाहरणार्थ: "मूळ कार्यपत्रिका 'मुक्त पतन', कर्ता अमुक महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग, झेनोडो, सीसी बाय ४.०. उंचीचे आकडे बदलले आहेत व तिसरा प्रश्न नवा आहे." एका ओळीत काम होतं, आणि मूळ कर्त्याला आपलं साहित्य कुठे पोचलं ते कळतं.

मुलांना सामील करून घ्या

विद्यार्थ्यांनी लिहिलेला प्रकल्प गुण मिळाले की रद्दीत जातो. त्याऐवजी मराठी विकिपीडियावर एका संज्ञेचा लेख सुधारणं, व्हिडिओला मराठी अक्षरं देणं, कार्यपत्रिकेतली इंग्रजी वळणाची वाक्यं आपल्या बोलीत सोपी करणं, अशी कामं द्या. मुलं अडतात कुठे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्या कामावर हक्क त्यांचा असतो, म्हणून लेखी संमती घ्या आणि नाव छापायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. संमती न दिल्याने गुणांवर परिणाम होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.

नोकरीच्या कागदपत्रांसाठी

यूजीसीच्या जुलै २०१८ च्या नियमावलीत आयसीटीवर आधारलेली अध्यापन-पद्धती आणि ई-साहित्य तयार करण्याला गुण आहेत, आणि कॉलेजच्या गुणवत्ता कक्षालाही (आयक्यूएसी) नॅकच्या मूल्यांकनासाठी याचे पुरावे हवे असतात. डीओआय, प्रकाशनाची तारीख, प्राचार्यांचं पत्र आणि ज्यांनी साहित्य वापरलं त्यांचे ईमेल एका फाइलीत लावत जा. पदोन्नतीची प्रकरणं भरताना ही जमवाजमव ऐनवेळी होत नाही.

एका तरी कॉलेजात वापरून पाहायला द्या

प्रकाशित केल्यावर लिंक ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. आपल्या विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला फोन करा आणि विचारा, "सर, येत्या प्रॅक्टिकलला हे घेऊन बघाल का? तुमच्याकडे कुठे अडलं तेवढं सांगा." शक्यतो तुमच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीतलं कॉलेज निवडा: मोठ्या बॅचचं, कमी साधनांचं, किंवा मुलं दुरून एसटीने येतात आणि प्रॅक्टिकलची वेळ काटकसरीने वापरावी लागते असं. सहकाऱ्याने तास घेतल्यावर तीन गोष्टी विचारा: नोंदीत काय कमी पडलं, कोणत्या पायरीला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि त्याने स्वतःहून काय बदललं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत उपयोगी पडतं. ध्वनी-स्टॉपवॉचच्या प्रयोगात कुणी थाळीऐवजी पत्र्याचा डबा वापरेल, कुणी लाकडी पट्टीऐवजी फुगा फोडून सुरुवात करेल, कुणी प्रश्न अहिराणीत किंवा कोंकणीत विचारेल.

हे बदल नोंदीत घाला, सहकाऱ्याला विचारून त्याचं नाव जोडा, आणि झेनोडोवर नवी आवृत्ती चढवा. जुनीही तिथेच राहते आणि मुख्य डीओआय आपोआप ताज्या आवृत्तीकडे नेतो. फाइलीच्या शेवटी 'आवृत्ती १.१' असं लिहून खाली दोन ओळींत काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या महिन्यात, हे नोंदवा. हे काम मे महिन्याच्या सुट्टीत, पेपर तपासून झाल्यावर करावं, म्हणजे जूनमध्ये नव्या बॅचच्या हातात सुधारलेली कार्यपत्रिका पडते.